आयव्हीच्या खोलीचं माप

आमची गल्ली टेकडीवर इतकी उंच आहे, की ऑक्टोबर लागला की सकाळी खालचं गाव धुक्यात बुडून जातं. गिरण्यांच्या चिमण्या तेवढ्या वर दिसतात. दहा-अकरा वाजेपर्यंत आम्ही तेरा घरांची माणसं जगापासून सुटून आल्यासारखी वावरतो. खालून बसचा आवाज येतो, चर्चची घंटा येते, पण सगळं पाण्याखालून आल्यासारखं.

अठ्ठ्याहत्तर साली अशाच धुक्यात गॅसची लाइन आमच्या गल्लीपर्यंत आली. माणसांनी रस्ता उकरला, पिवळ्या नळ्या टाकल्या, रस्ता बुजवला आणि धुक्यातच निघून गेली. तोवर आम्ही सगळे कोळशावर.

समोरच्या घरात एनिड बॅराक्लफ आणि तिचा थोरला भाऊ क्लेमेंट राहायचे. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. एनिड आणि मी सत्तावीस वर्षं एकाच गिरणीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. मागावरून आलेलं लोकरीचं कापड पसरायचं, बोटांनी चाचपत गाठी आणि सुटलेले धागे शोधायचे, आणि दोष होता कुठे ते विणणाऱ्यालाही कळू नये असं रफू करायचं. एनिड हे काम डोळे मिटून करायची. बोटं कापडावरून फिरत असायची आणि ती मला काल पडलेलं स्वप्न सांगत असायची. मध्येच थांबायची, म्हणायची, "इथे आहे बघ." आणि तिथे असायचाच.

गिरणी बंद झाली आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्या बोटांनी दगा दिला. थंडी लागली की टोकं पांढरीफटक पडायची, मेणाची असल्यासारखी. सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाले, "औषध देऊन काय होणार, मिस बॅराक्लफ? घर गरम ठेवा. सगळं घर. नुसतं स्वयंपाकघर नाही."

त्यांच्या घरात ऊब होती ती स्वयंपाकघरातल्या कोळशाच्या चुलीपुरती. बाकी खोल्यांत नोव्हेंबर ते मार्च बोललं की तोंडातून वाफ निघायची.

"आपण सेंट्रल हीटिंग बसवून घेऊ," एनिड त्या दिवशी म्हणाली.

क्लेमेंटनं पेपरातून डोकं वर काढलं नाही. "कोणासाठी?"

"माझ्या बोटांसाठी."

"हातमोजे घाल."

"हातमोजे घालून बटाटे सोलू?"

"बटाटे मी सोलेन."

"साठ वर्षांत एक सोलला नाहीस. आता शिकवायला मला वेळ नाही."

क्लेमेंटनं पान उलटलं. "तुला हवं ते कर. माझ्या खोलीत काही बसवायचं नाही. आणि मागच्या खोलीत तर नाहीच."

मागची खोली म्हणजे वरच्या मजल्यावरची, उत्तरेकडची. त्यात एक लोखंडी पलंग होता, भिंतीत एक छोटी शेगडी होती आणि बाकी काही नव्हतं. तिचं दार बंदच असायचं. तिथे त्यांची धाकटी बहीण आयव्ही वारली होती, सव्वीस साली, वयाच्या सातव्या वर्षी. एनिडनं वाद घातला नाही. गिरणी बंद होताना मिळालेले पैसे तिच्याकडे होते, आणि ते कशात घालायचे हे तिचं ठरलं होतं.

पहिला माणूस आला तो पेपरातली जाहिरात वाचून बोलावलेला. डेस्मंड पेल. राखाडी सूट, चकचकीत बूट, हातात एक रंगीत पुस्तक. पुस्तकात एक कुटुंब गालिच्यावर अनवाणी लोळत होतं आणि खिडकीबाहेर बर्फ पडत होता. एनिड म्हणते, ते चित्र बघताना तिला गुंगी आल्यासारखं झालं. पेल अगदी हळू आवाजात बोलत होता. बॉयलरचं गरम पाणी भिंतींमधून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरच्या पोकळ पत्र्यात कसं फिरेल, सकाळी उठण्याआधीच घर कसं जागं झालेलं असेल, पाय जमिनीवर ठेवला की जमीन कशी वाट बघत असल्यासारखी लागेल. दोन तास तो बोलला. चहाचे तीन कप झाले. एनिडला वाटायला लागलं की आपण त्या गालिच्यावरच बसलोय.

मग त्यानं आकडा सांगितला. तेराशे पन्नास पौंड.

एनिडची गुंगी निम्मी उतरली. तेव्हा पेल पुढे झुकून म्हणाला, "तुमच्याकडे बघून मला माझी मावशी आठवते, खरं सांगतो. आज सही केलीत तर मी आमच्या साहेबांशी बोलून बघतो. पण आजच. उद्या माझ्या हातात काही नाही."

"आमच्याकडे फोन नाही," एनिड म्हणाली.

"कोपऱ्यावर बूथ आहे ना. हा आलोच."

तो गेला. क्लेमेंट खिडकीशी उभा राहून बघत होता. पेल बूथमध्ये शिरला, रिसीव्हर कानाला लावला, हात हलवून हलवून बोलला, एकदा मान खाली घातली, मग हसला. परत आला तेव्हा त्याला दम लागला होता. "झालं काम. नऊशे ऐंशी. साहेब तयारच नव्हते, पण मी म्हटलं, ही बाई वेगळी आहे."

"बोलला का साहेब तुमच्याशी?" क्लेमेंटनं विचारलं.

"अहो, भांडावं लागलं."

"त्या फोनची तार पंधरा दिवसांपूर्वी कोणीतरी कापली. मी दोनदा तक्रार केलीय."

स्वयंपाकघरात कोळसा सरकल्याचा आवाज आला. पेलनं आपलं रंगीत पुस्तक उचललं. दारात एनिडनं त्याला थांबवलं. "तुम्ही आमची एकही खोली बघितली नाहीत," ती म्हणाली. रागानं नव्हे, तिला खरंच नवल वाटत होतं. "तेराशे कशाचे होते?"

पेल पुस्तक काखेत मारून पायऱ्या उतरून गेला.

दुसरा होता नॉर्मन ग्रीनवुड, खालच्या गावातला प्लंबर. आम्ही सगळेच त्याला ओळखायचो. तो सिगारेट ओढत आला, पायपुसण्यावर उभा राहून जिन्याकडे एक नजर टाकली आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं. चारशे पन्नास.

"किती रेडिएटर?" एनिडनं विचारलं.

"लागतील तेवढे."

"बॉयलर कोणता?"

"बसेल तो."

"जमिनीच्या फळ्या उचकटाल, त्या परत कोण बसवणार?"

"बघू की, एनिड. आपण काय परके आहोत?"

ते पाकीट घेऊन एनिड माझ्याकडे आली. माझ्या टेबलावर तिनं ते ठेवलं आणि बोटानं चाचपलं, जणू त्यावर गाठ सापडेल. "तेराशे, नऊशे ऐंशी, साडेचारशे," ती म्हणाली. "तिन्ही आकडे एकाच घराचे. मला वाटतं, कुणालाच माहीत नाही ते कोणत्या घराबद्दल बोलतायत." मग म्हणाली, "मला तरी कुठे माहीत आहे?"

दुसऱ्या दिवशी तिनं घर मोजायला काढलं.

शिवणाच्या डब्यातला टेप होता, साठ इंची; प्रत्येक भिंतीला तो दोन-तीनदा पुढे सरकवावा लागायचा. एक टोक धरायला माणूस हवं म्हणून तिनं क्लेमेंटला उठवलं. तो कुरकुरत आला. बाहेर धुकं इतकं दाट होतं की खिडक्यांना कुणी पांढरं कापड ठोकल्यासारखं वाटत होतं, आणि त्या उजेडात दोघं एकेक खोली मोजत निघाली. तिनं एका कागदावर ओळी आखल्या होत्या. लांबी, रुंदी, उंची. खिडक्या किती. कोणती भिंत वाऱ्याकडे. इथे कोण बसतं, किती वेळ.

दिवाणखाना आधी. ती खोली ख्रिसमसला आणि कुणी गेलं तरच उघडायची. आईची पितळेची कुत्री, काचेच्या कपाटातला न वापरलेला चहाचा सेट.

"बारा फूट बाय अकरा," क्लेमेंट म्हणाला.

"नीट धर. एवढीशी कशी असेल?"

"एवढीच आहे."

एनिडनं पुन्हा मोजली. लहानपणी या खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना तिला शेत ओलांडल्यासारखं वाटायचं. मधोमध उभी राहून तिनं दोन्ही हात पसरले. भिंती फार लांब नव्हत्या. "बाबांना इथे ठेवलं होतं तेव्हा चाळीस माणसं मावली," ती म्हणाली.

"माणसं बारीक होती," क्लेमेंट म्हणाला.

जिना, मग एनिडची खोली, मग क्लेमेंटची. त्याच्या खोलीत तो टेप धरून खिडकीशी थांबून राहिला. लढाईत तो इजिप्तमध्ये होता. तो सांगायला लागला, की तिथे दुपारी तंबूच्या सावलीत आडवं पडलं की वाळूची ऊब पाठीतून वर यायची, आणि त्याला वाटायचं हे आपल्याला शोभत नाही. "सगळे उन्हाला शिव्या द्यायचे. मी देत नव्हतो. पण सावलीतून सरकून बाहेरही बसायचो नाही."

"का?"

"धर टेप. दहा फूट चार इंच."

शेवटी मागच्या खोलीचं दार राहिलं. एनिडनं कडी काढली. आतला गारवा वेगळाच होता, जुना. पलंगाच्या पट्ट्यांवर धूळ होती. क्लेमेंट उंबऱ्यातच थांबला.

"ही लिहू नकोस."

"भिंत आपल्याच घराची आहे, क्लेम. इथली थंडी सगळ्या घरात जाते."

"मी म्हटलं ना."

एनिडनं टेप गुंडाळला आणि पलंगाच्या कडेवर बसली. ती म्हणते, तिला घाई नव्हती. धुक्यामुळे वेळ गेलाय की नाही हेही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं क्लेमेंट उंबऱ्यावरच खाली बसला, पायऱ्यांकडे तोंड करून, आणि बोलला.

सव्वीस साली मजुरीच्या भांडणात खाणी सहा-सात महिने बंद होत्या. कोळसा कुठेच नव्हता. नोव्हेंबरात आयव्ही आजारी पडली. डॉक्टरांनी खोली गरम ठेवायला सांगितली. सतरा वर्षांचा क्लेमेंट सात मैल चालत खाणीच्या ढिगाऱ्यापाशी गेला आणि हातांनी उकरून त्यानं अर्धं पोतं भरलं. परत येताना वाटेत एका घराच्या पायरीवर एक बाई मूल घेऊन बसली होती. तिनं मागितलं नाही, नुसतं पोत्याकडे बघितलं. त्यानं तिला निम्मा कोळसा दिला.

"उरलेला दोन दिवस पुरला," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी ही शेगडी विझली. चौथ्या दिवशी आयव्ही गेली. आईला मी सांगितलं, एवढाच मिळाला."

बावन्न वर्षं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. एनिडलाही नाही, जिच्यासमोर तो रोज जेवत होता.

एनिड तेव्हा बारा वर्षांची होती. तिला दुसरंच आठवत होतं. आयव्हीचा घसा सुजून बंद झाला होता, श्वास घेताना आत काहीतरी फाटल्यासारखा आवाज यायचा, आणि डॉक्टरांनी जिन्यात आईला जे सांगितलं ते तिनं कठड्याच्या गजांमधून ऐकलं होतं.

"तिला घटसर्प होता," ती म्हणाली. "डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, इंजेक्शन द्यायला उशीर झाला. कोळशाचं पूर्ण पोतं असतं तरी ती गेली असती."

"मला कुणी बोललं नाही."

"तू कोळशाला गेला होतास."

खाली रस्त्यानं दूधवाल्याची गाडी बाटल्या वाजवत गेली, दिसली मात्र नाही. मग क्लेमेंट उठला, आत आला, आणि टेपचं टोक हातात घेऊन भिंतीशी उभा राहिला.

"आठ फूट," तो म्हणाला. "बाय सात. पुढे लिही."

एनिडनं त्या कागदाच्या तीन प्रती हातानं काढल्या. खोल्यांच्या मापांखाली प्रश्न लिहिले: रेडिएटर कुठे, केवढे, बॉयलर कोणता आणि का, फळ्या आणि प्लास्टर कोण करणार, किती दिवस, बिघडलं तर किती वर्षं बघणार, आणि हे सगळं धरून एकच रक्कम, सहीसकट. एक प्रत पेलला, एक ग्रीनवुडला पाठवली. तिसरी बोहदान हनात्युक नावाच्या माणसासाठी ठेवली. तो युक्रेनचा, लढाईनंतर इथे गिरणीत कामाला आला होता आणि पुढे हीटिंगचं काम शिकला. त्याचं नाव मीच तिला दिलं. माझ्या भाचीकडे त्यानंच काम केलं होतं.

बोहदान शनिवारी आला, पाठीवर पिशवी घेऊन चालत. एनिडनं त्याला कागद दिला. त्यानं तो चष्मा लावून दोनदा वाचला. "कुणी केलं हे?"

"आम्ही."

"छान. पण मी परत मोजणार. राग नाही ना?"

"नाही मोजलंत तर येईल," एनिड म्हणाली.

तो प्रत्येक भिंतीला तळहात लावायचा आणि तसाच उभा राहायचा, घोड्याच्या मानेला लावतात तसा. खिडकीच्या फटीशी ओली बोटं धरायचा. माळ्यावर चढला आणि बराच वेळ तिथेच राहिला. आयव्हीच्या खोलीत आला तेव्हा त्या छोट्या शेगडीकडे बघून हसला. "आमच्या घरी मधोमध मातीची मोठी भट्टी होती. या पलंगाहून मोठी. पोरं तिच्यावर झोपायची. बाहेर एवढा बर्फ, आणि आत आजीच्या पोटावर झोपल्यासारखं." मग मान हलवून म्हणाला, "तसं काही मी देऊ शकणार नाही. पाण्याचे पत्रे देईन फक्त."

खाली येऊन त्यानं चहात साखर ढवळली. "तुमचं माळ्याचं छप्पर उघडं आहे, सगळी ऊब तिथून निघून जाते. आधी तिथे काचेच्या लोकरीची गादी अंथरा. ते काम स्वस्त आहे, तुमचं तुम्ही करू शकता. मग बॉयलर लहान लागेल."

क्लेमेंट म्हणाला, "लहान बॉयलरमध्ये तुमचे पैसे कमी होतील."

"होतील. पण मोठा लावला तर गॅसचं बिल आलं की दर वेळी यांना मी आठवेन. चांगला नाही आठवणार."

त्याचं कोटेशन आलं ते दोन पानांचं. आठ रेडिएटर, प्रत्येकाची जागा, प्रत्येकाचं माप. सातशे साठ पौंड. पेलकडून काही उत्तर आलं नाही. ग्रीनवुड मात्र स्वतः आला, आणि या वेळी पायपुसण्यावर थांबला नाही, आत येऊन बसला. त्याच्या हातात एनिडचा कागद होता, पेन्सिलीनं भरलेला.

"दोन दिवस लागले मला याला," तो म्हणाला. "सातशे नव्वद होतात."

"तू साडेचारशे म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. साडेचारशेत सुरू केलं असतं, फळ्या उचकटल्या असत्या आणि मग तुझ्याकडे आलो असतो, एनिड, हे धरलं नव्हतं, ते धरलं नव्हतं, म्हणत. मुद्दाम नाही करत गं. पण दर वेळी होतं तसंच." त्यानं टोपी मांडीवर फिरवली. "कुणी मला असं लिहायला लावलं नव्हतं."

"मी काम बोहदानला देणार आहे, नॉर्मन." एनिडनं बोहदानची दोन पानं, माळ्याच्या लोकरीसकट, त्याच्यापुढे सरकवली.

"ते दिसतंच आहे. माळ्याचं मला सुचलंच नाही." उठताना तो म्हणाला, "या कागदाची एक कोरी प्रत देशील?"

एनिडनं दिली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम झालं. त्याआधी क्लेमेंटनं माळ्यावर लोकर अंथरली, तोंडाला रुमाल बांधून, तीन दिवस, आणि मला एकदाही हात लावू दिला नाही. मग बोहदान आला. पाच दिवस घर उघडंवाघडं होतं. फळ्यांखालचा काळोख दिसायचा, त्यात तांब्याचे नवे पाइप चमकायचे. सहाव्या दिवशी दुपारी त्यानं आम्हां तिघांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि बॉयलर पेटवला.

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीत कुठेतरी टक् झालं. मग जिन्याखाली. मग वर पाणी गेल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी मोजे घालून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरावं तसा तो आवाज घरभर फिरायला लागला. एनिड त्याच्या मागे मागे गेली, दिवाणखान्यात, जिन्यावर, तिच्या खोलीत. प्रत्येक रेडिएटरवर बोटं टेकवून थांबायची. क्लेमेंट थेट मागच्या खोलीत गेला. मी दारातून बघितलं तर तो त्या लोखंडी पलंगावर बसला होता आणि दोन्ही हात पत्र्यावर सपाट ठेवले होते. पत्रा गरम होत होता. चटका बसेल इतका झाला तरी त्यानं हात काढले नाहीत, म्हणून बोहदाननं पुढे होऊन खालची चकती थोडी फिरवली. "एवढा पुरे," तो हळूच म्हणाला. "आता रोज आहे."

जानेवारीत मोठा बर्फ पडला. तीन दिवस बस वर आली नाही. चौथ्या दिवशी मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेले. त्या घराची एक सवय मला चाळीस वर्षं माहीत होती: आत पाऊल टाकायच्या आधी कुणीतरी ओरडायचं, "दार लाव." ऊब बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक खोलीचं दार घट्ट बंद असायचं आणि माणसं एकमेकांशी भिंतींमधून बोलायची.

त्या दिवशी मी पुढचं दार लावलं आणि उभी राहिले. आतली सगळी दारं उघडी होती. दिवाणखान्यातून स्वयंपाकघर दिसत होतं, स्वयंपाकघरातून जिना. एनिड अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजवर टेबलाशी बसून माझ्या भाचीच्या बाळाचं काहीतरी शिवत होती. तिनं वर बघितलं नाही. दोरा ओवत होती, आणि तो पहिल्याच खेपेला गेला.

"कोण आलंय?" वरून, आयव्हीच्या खोलीतून, क्लेमेंटनं विचारलं. तो तिथे खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागला होता.

त्याला ओरडावं लागलं नव्हतं. एनिडनंही आवाज चढवला नाही. "समोरची," ती म्हणाली. "चहा घेणार का?"

"घेतो की. वरच आणा. इथून बर्फ छान दिसतोय."

आम्ही तीन कप घेऊन वर गेलो.